तेवीस नंबरचा भोपळा

आमच्या घरात आजवर एकाही बाईने अख्खा भोपळा कापलेला नाही, असं सासूबाईंनी मला लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. तांबड्या भोपळ्यावर पहिला वार पुरुषाने करायचा, मग बाईने खुशाल विळीवर फोडी चिराव्यात. बाईने पहिला वार केला तर तो घरातल्या पुरुषमाणसावर बेततो. मी बरं म्हटलं. वर्षाकाठी घरात भोपळे येऊन येऊन किती येणार? चार, फार तर पाच. तेवढ्यासाठी नव्या सुनेने तोंड कशाला उघडायचं!

पुढे एका हिवाळ्यात आमच्या घरी एक्कावन्न भोपळे येतील, हे मला कुठे ठाऊक होतं.

आमचे हे, कागदावर लिहायला हरकत नाही म्हणून नाव लिहिते, शरच्चंद्र, पुण्याच्या शेतकी कॉलेजातून पास होऊन सोलापूरच्या सरकारी मळ्यात नोकरीला लागले होते. बाळीवेशीत दोन खोल्या आणि एक पडवी, तेवढ्यात आम्ही तिघं. सासरे गेले तेव्हा हे चार वर्षांचे होते. सासूबाईंनी एकटीने मुलगा वाढवला, शिकवला, आणि ते करताना एकही नियम मोडला नाही, असा त्यांचा नात्यागोत्यात लौकिक होता. त्या लौकिकाचं मला पहिली काही वर्षं फार ओझं वाटायचं.

तेहतीस सालच्या कार्तिकात पुण्याच्या मोठ्या साहेबांचं पत्र आलं. जिल्ह्यातले देशी भोपळे गोळा करा, त्यांच्यात कशाकशात किती फरक आहे ते मोजा, आणि त्यातून पुढे वाढवण्याजोगा एक वाण काढून दाखवा. मुदत दोन पावसाळ्यांची. ह्यांना पत्र वाचून इतका आनंद झाला की माझ्या हातातलं उलथणं काढून घेऊन त्यांनी मला ते दोनदा वाचून दाखवलं. पोळी करपली.

मग हे माळशिरसपासून अक्कलकोटच्या वाटेपर्यंत हिंडले. जिथे गेले तिथून भोपळे धाडत राहिले. मळ्याच्या कोठारात घुशी फार, म्हणून सगळा माल घरी. खाटेखाली भोपळे, माळ्यावर भोपळे, जात्याच्या पाळीवर एक आणि देवघराच्या दाराशी दोन. प्रत्येकाच्या पाठीवर गेरूने नंबर. रात्री पाणी प्यायला उठलं की पायाला थंडगार काहीतरी लागायचं आणि मी नंबरासकट शिव्या घालायची.

"अगं, हे बघ तरी," हे म्हणायचे. "हे चौघं एकाच गावचे. एक गोल, एक लांबोडका, एकाच्या अंगावर खोल फाका आणि हा चौथा अगदी गुळगुळीत. बी बघशील तर कुणाचं पांढरं, कुणाचं तपकिरी, कुणाच्या काठाला सोनेरी कड. सगळे सारखे असते तर निवडायचं काय? फरक आहे म्हणून तर आशा आहे."

"फरक आहे हे मला दिसतंय," मी म्हणायची, "आणि पाय ठेवायला जागा नाही हेही दिसतंय."

रोज संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की हे घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि कोयता घेऊन बसायचे. भोपळ्याचं वजन, घेर, सालीची जाडी, गराची जाडी, गराचा रंग, बियांची संख्या, सगळं एका लांबलचक रजिस्टरात. बिया जुन्या वर्तमानपत्रावर वाळत पडायच्या. उरलेला भोपळा माझ्या वाट्याला. मी भाजी केली, भरीत केलं, घारगे केले, थालीपीठं लावली, सांडगे घातले. शेजारणींना वाटला. पुढे पुढे माझ्या हातात झाकलेलं ताट दिसलं की शेजारची दारं आपोआप लागायला लागली. हे फिरतीवर असले तर सकाळी दूध घालायला येणारा शिवशरण गवळी पहिला वार करून जायचा. त्यालाही एक मोठी फोड मिळायची, ती तो म्हशीला घालतो असं मला मागाहून कळलं.

एवढं सगळं मोजलं, पण रजिस्टरात चवीला रकाना नव्हता. माळशिरसचा नऊ नंबर अठ्ठावीस पौंड भरला, दिसायला राजबिंडा, आणि शिजवला तर नुसतं पाणी. मी तसं सांगितलं.

"चव मोजायची कशी?" हे म्हणाले.

"जेवून," मी म्हटलं.

त्यावर हे हसले, पण रकाना काही आखला नाही.

तेवीस नंबर मात्र ह्यांनी आणलेला नव्हता. तो स्वतःच्या पायांनी आला म्हणायला हवं. पौषात एका सकाळी आमच्या दाराशी बैलगाडी थांबली. गाडीवान पिकल्या दाढीचा, अंगाने सडपातळ. त्याचं नाव हुसेनसाब. मागे एक पन्नाशीची बाई बसली होती, कपाळाला भस्म, आणि मांडीवर लुगड्याच्या पदरात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं तान्हं मूल आहे. तिने पदर बाजूला केला तर आत भोपळा. तोही कसला! बसका, राखी रंगाचा, अंगभर चामखिळी. इतका कुरूप भोपळा मी त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता, आणि तोपर्यंत मी पुष्कळ भोपळे पाहिले होते.

ती सिद्धम्मा. होटगीच्या पुढे, अक्कलकोट संस्थानाची हद्द लागायच्या जरा अलीकडे तिचं गाव. ह्यांनी त्या गावातून चार भोपळे आधीच नेले होते, पण तेव्हा ही शेतात होती. साहेब भोपळे गोळा करतो हे तिला मागाहून कळलं.

"सायेब, ह्यो शेवटचा हाय बगा," ती म्हणाली. "औंदा हस्तानं दगा दिला. येल वाळलं, येवढा येकच धरला. घरातलं बी उंदरांनी खाल्लं. आता ह्याच्या पोटात हाय तेवढंच. माझ्या रानात आबाळाकडं बगायचं. तुमच्या मळ्यात हीर हाय, पानी हाय. निम्मं बी तुमी लावा, निम्मं मिरगाच्या आदी मला द्या. येका ठिकानी गेलं तर दुसऱ्या ठिकानी तर ऱ्हाईल की."

"नक्की देईन," हे म्हणाले. "टिकतो किती दिवस?"

"वैशाखापातुर ठेवा. काय बी व्हत न्हाय त्याला."

ह्यांना ते खरं वाटेना. बाकीचे भोपळे दोन-अडीच महिन्यांत मऊ पडत होते. तेव्हा ह्यांनी ठरवलं की तेवीस नंबर कापायचा नाही, ठेवून बघायचा. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर त्याला जागा दिली. जाताना सिद्धम्माने माझा हात धरला. "अव्वा, घरात तूच असतीस. माझ्या कुंबळकाईवर तुजी नजर असू दे." भोपळ्याला त्यांच्या कानडीत कुंबळकाई म्हणतात. मी हो म्हटलं. एवढ्या लांबून मांडीवर घेऊन आलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार?

माघ गेला, फाल्गुन गेला. पन्नास भोपळे कापून, मोजून, शिजवून संपले. तेवीस नंबर फळीवर जसाच्या तसा. चैत्रात ह्यांनी त्याला बोटाने वाजवून पाहिला आणि तो आवाज ऐकून त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला त्या भोपळ्याचा हेवा वाटला. वैशाखात साहेबांनी ह्यांना तीन आठवड्यांसाठी पुण्याला बोलावलं. "आल्यावर कापू," असं सांगून हे गेले.

त्याच सुमारास शिवशरण म्हैस घ्यायला गुलबर्ग्याकडे गेला आणि आठवडाभर त्याची बायको काशम्मा दूध घालू लागली. एका सकाळी तिने दूध ओतलं, मी भांडं झाकायच्या आत मांजर आलं, फळीवर उडी मारायला गेलं आणि तेवीस नंबर धप्पकन खाली आला. मी धावत जाऊन उचलला. फुटला नव्हता, चीरही दिसत नव्हती. पुन्हा वर ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर देठापाशी मुंग्यांची रांग. अंगठा टेकवला तर आत गेला.

सोलापूरचा वैशाख. सकाळी केलेलं वरण संध्याकाळी फसफसतं. आतली सड उद्यापर्यंत बियांत उतरणार, हे कळायला शेतकी कॉलेजात जावं लागत नाही. सासूबाई देवळात पुराणाला गेल्या होत्या. शिवशरण गावाला. शेजारचे मास्तर सुट्टीत बायकामुलांसह सासुरवाडीला. रस्त्यावर उन्हाने चिटपाखरू नव्हतं.

खरं सांगते, शोधला असता तर कुणीतरी पुरुष मिळाला असता. चार घरं पलीकडे जाऊन हाक मारली असती, तासाभराने कुणी आलं असतं. पण मला राग आला होता. एक बाई कोसभराच्या नव्हे, कितीतरी कोसांच्या वाटेवर मांडीवर घेऊन बसते, आपलं शेवटचं बी माझ्या हवाली करते, आणि मी हातात कोयता असून पुरुषाची वाट बघत ते कुजू देऊ? मी भोपळ्याला म्हटलं, "तुला काय कळतं रे, कापणारा कोण आहे ते?"

मग मी दाराला कडी घातली. पाटावर भोपळा ठेवला. ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आगगाडी आली, पुण्याची ती गर्दीची पेठ आली. "माझ्या चुकीचं माझ्यावर येऊ दे, त्यांच्यावर नको," असं देवाला सांगितलं आणि कोयता हाणला.

आत गर असा केशरी की मी बघतच राहिले. देठाकडचा चार बोटं भाग काळा पडला होता, तिथल्या बिया गिळगिळीत होऊन गेल्या होत्या. बाकीच्या टणक, पांढऱ्याशुभ्र. एकेक वेचून धुतली, राख चोळली आणि सुपात घालून पडवीच्या सावलीत ठेवली. मोजल्या. एकशे बारा भरल्या. हातात गराचा तुकडा होता, तो सहज तोंडात टाकला. कच्चा असून गोड! पन्नास भोपळे खाऊन मला भोपळ्याचा वीट आला होता, आणि तरी मी दुसरा तुकडा घेतला.

संध्याकाळी सासूबाई आल्या आणि ताटावर बसल्या. भाजी बघून म्हणाल्या, "हा तेवीस नंबर ना? कुणी कापला?"

"शिवशरणाने," मी म्हटलं. "दुपारी येऊन गेला."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मी वाटीत तूप वाढत होते, तूप वाटीबाहेर सांडलं. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि विचारलं, "गूळ घातलास का?"

"नाही."

"मग आणखी वाढ."

हे शुक्रवारी यायचे होते. शुक्रवार गेला, हे आले नाहीत. शनिवारी आले नाहीत. रविवारी सकाळी मी पाण्याचा हंडा घेऊन उभी राहिले आणि कुठे ओतायचा तेच सुचेना. त्या दोन दिवसांत माझी काय दशा झाली ते मलाच माहीत. सुपातल्या बिया दिसल्या की त्यांचाच राग यायचा. मनात म्हणायची, कुणाचा कोण भोपळा, आणि मी आपल्या कुंकवाशी खेळ केला! रविवारी दुपारच्या गाडीने हे उतरले, हातात आंब्यांची करंडी, नाक लालभडक. साहेबांनी दोन दिवस जास्त थांबवून घेतलं, एवढंच. आणि पडसं झालं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी ह्यांना दारातच झापलं. पत्र टाकायला काय झालं होतं, हात मोडले होते का! हे बिचारे शिंकत उभे. मोडलेल्या हातांचं बोलल्यावर मीच जीभ चावली.

तेवीस नंबरची हकीकत मी ह्यांनाही तीच सांगितली. मांजर, मुंग्या, शिवशरण. ह्यांनी बिया पाहिल्या, मी गराच्या जाडीएवढा तोडून ठेवलेला दोरा टेपने मोजला आणि मग डोक्याला हात लावून बसले.

"हे कसं होतं?" ते म्हणाले. "त्याच गावचे एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. माती तीच, पाऊस तोच. ते पाणचट, दोन महिन्यांत मऊ. आणि हा वैशाखापर्यंत टणक, एवढासा असून गर सगळ्यांत जाड. सिद्धम्माच्याच घरी असं का? साहेब हेच विचारणार. आपोआप तर झालं नसेल."

ज्येष्ठ लागला. मृगाच्या आत बी पोचवायचं होतं. मीही येते म्हटलं, आणि ह्यांनी कारण विचारायच्या आत पिशवी भरली. छप्पन्न बिया मी मोजून एका फडक्यात बांधल्या, उरलेल्या छप्पन्न मळ्यासाठी ठेवल्या. होटगीला उतरलो, तिथून हुसेनसाबची गाडी. सिद्धम्माचं रान गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे एकटंच होतं. ह्यांनी ते लगेच टिपून घेतलं, कारण दुसऱ्यांच्या भोपळ्यांच्या फुलांवरची मधमाशी परका पराग घेऊन तिथवर सहसा येत नसणार.

हे सिद्धम्माच्या घरच्या अंगणात हुसेनसाबशी बोलत बसले आणि मी आत चुलीपाशी गेले. फडकं सिद्धम्माच्या हातात दिलं. तिने गाठ सोडली, बिया बघितल्या, एक दाताखाली धरून पाहिली आणि डोळे पुसले. मला राहवलं नाही.

"सिद्धम्मा, मी तुमच्या भोपळ्याला अपशकुन केला," मी म्हटलं. "तो सडायला लागला होता. घरात पुरुष नव्हता. मी माझ्या हाताने कापला. लावाल तेव्हा हे मनात ठेवून लावा. नको असेल बी तर तसं सांगा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उठली आणि दार पुढे लोटलं. मला वाटलं आता काहीतरी बोल लावणार. ती चुलीपाशी बसली आणि पदर तोंडावर धरून हसायला लागली. खांदे गदगदा हलत होते, आवाज नाही.

"अगं माजे अव्वा," ती हळूच म्हणाली, "अठरा वर्सं झाली, मीच कापते की!"

"तुम्ही?"

"आमचे मालक गेले त्या साली हुसेनसाबला बोलावलं व्हतं. गावात अडल्यानडल्या बाईचा भोपळा त्योच कापतो. तर त्यो गाडी घिऊन सोलापूरला गेलता. पोरी भुकेल्या. मग दार लावलं, आन् हानला कोयता. काय बी झालं न्हाय. मग दर साली तसंच."

"आणि गावात?"

"हुसेनसाबला ठावं हाय. कुनी इचारलं तर त्यो म्हनतो, मीच कापला. अठरा वर्सं खोटं बोलतोय बिचारा, रोजं बी धरतो आन् खोटं बी बोलतो." ती पुन्हा हसली. मग बियांवरून बोट फिरवत म्हणाली, "दुसऱ्यांच्या घरी गडी कापतो ते सनाला, न्हायतर पावनं आलं की. मोठा दिसंल त्योच कापायचा, आन् समद्यांचं बी येका टोपल्यात. मला कुनाची घाई न्हाय. येक कापते, कच्ची फोड तोंडात टाकते. गोड न्हाय लागला तर त्याचं बी भाजून खाते, ठेवत न्हाय. गोड लागला आन् चैतापातुर टिकला, त्याचंच बी राकते. येवढंच."

महिनाभर हे ज्या प्रश्नापायी डोकं धरून बसले होते, त्याचं उत्तर माझ्या पुढ्यात बसून शेंगदाणे भाजत होतं. आणि ते बाहेर सांगायची सोय नव्हती.

बाहेर आलो तर ह्यांच्या मांडीवर रजिस्टर उघडं. मोठ्या साहेबांनी एक नवा रकाना घालायला सांगितला होता: बी निवडणाऱ्याचं नाव. "जो कापतो तो आतलं बघतो, आणि जो बघतो तोच निवडतो," हे हुसेनसाबला समजावत होते. "मग सिद्धम्माचे भोपळे कोण कापतं?"

हुसेनसाबने माझ्यामागे उभ्या असलेल्या सिद्धम्माकडे एकदा पाहिलं, दाढीवरून हात फिरवला आणि अगदी सरळ तोंडाने म्हणाला, "मीच की, साब. अठरा वर्सं मीच कापतो."

ह्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: हुसेनसाब. मी वरून वाचलं. त्या पानावर मालकांच्या रकान्यातही सगळे पुरुषच होते. सिद्धम्माच्या नंबरापुढे तिच्या अठरा वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचं नाव, चन्नप्पा. सिद्धम्मा शांत उभी होती, तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, तीच पंचाईत होती.

परतीच्या गाडीत डबा जवळजवळ रिकामा होता. टिकेकरवाडी येईपर्यंत मी कशीबशी गप्प राहिले. मग म्हटलं, "तेवीस नंबर शिवशरणाने कापला नव्हता. मी कापला."

हे खिडकीबाहेर बघत होते ते वळले. "कधी?"

"तुम्ही पुण्याला होतात तेव्हा. शुक्रवारच्या आधी."

ते म्हणाले, "आणि मला नुसतं पडसं झालं?"

मी हसले आणि त्याच हसण्यात रडले. ह्यांनी माझा हात हातात घेतला, भर आगगाडीत. मग त्यांच्या कपाळावर ती आठी आली, मोजमाप करताना येते ती. मला म्हणाले, "म्हणजे सिद्धम्माच्या घरीसुद्धा..."

"मी माझ्यापुरतं सांगितलं," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या घरचं मला विचारू नका."

त्यांनी विचारलं नाही. पिशवीतून रजिस्टर काढलं, पेन्सिलीने हुसेनसाबच्या नावावर एक रेघ मारली आणि त्याच्या खाली लिहिलं: सिद्धम्मा. मग मालकाच्या रकान्यातल्या चन्नप्पाकडे थोडा वेळ बघत बसले, आणि तिथेही रेघ मारून तेच नाव लिहिलं. गाडी हलत होती म्हणून अक्षर वाकडं आलं, पण मला त्या रजिस्टरातलं तेच सगळ्यांत सुंदर वाटलं. शेवटी पानाच्या कडेला एक उभी रेघ ओढून त्यांनी नवा रकाना केला आणि वर लिहिलं, चव.

"तो मी भरणार," मी म्हटलं.

"दुसरं कोण भरणार? मी तर पन्नास भोपळे खाऊन एकसुद्धा ओळखू शकत नाही."

छप्पन्नांपैकी एक्केचाळीस बिया मळ्यात उगवल्या. श्रावणात वेल फुलले तेव्हा मी अधूनमधून मळ्यात जाऊ लागले. दुसऱ्या दिवशी उमलणारी फुलं आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधायची, सकाळी दोरा सोडून नरफुलाचा पराग मादीफुलाला लावायचा, की पुन्हा बांधायचं, म्हणजे मधमाशीला लुडबुड करता येत नाही. मला ते काम फार आवडलं. आणि गंमत म्हणजे एकाच भोपळ्याच्या पोटची ही एक्केचाळीस भावंडं, पण त्यांच्यातही फरक होता. कुणी आईसारखा बसका, कुणी जरा उभट, दोघातिघांच्या अंगावर चामखिळीच नाहीत. मी म्हटलं, आता काय, पुन्हा सगळं पहिल्यापासून? हे म्हणाले, हो, आणि हातावर हात चोळले. सिद्धम्माकडूनही हुसेनसाबच्या गाडीवर निरोप आला की तिचे वेल ओढ्याच्या काठापर्यंत गेलेत.

कार्तिकात मळ्यातला पहिला भोपळा घरी आला. राखी, बसका, आईसारखाच कुरूप. संध्याकाळ होती. सासूबाई पडवीत सूप घेऊन गहू निवडत बसल्या होत्या. ह्यांनी पाट मांडला, त्यावर भोपळा ठेवला, कोयता आणला आणि तो माझ्यापुढे धरला.

"चवीचा रकाना तुझा," ते म्हणाले. "मग कापायचंही तूच."

मी डोळ्यांनी खुणावलं, सासूबाई आहेत. हे आपले कोयता धरून उभे. सासूबाईंचे हात गव्हांत थांबले.

"त्या आठवड्यात दूध काशम्मा घालत होती," त्या सुपाकडे बघतच म्हणाल्या. "शिवशरण गुलबर्ग्याला होता."

मी मान खाली घातली. ह्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हा चार वर्षांचा होता तेव्हा तुझे सासरे गेले," सासूबाई पुढे म्हणाल्या. त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "ह्याला भोपळ्याचे घारगे फार आवडायचे. दर सणाला मागायचा. कोण कापत होतं, ते ह्याने कधी विचारलं नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच थोडंसं लाजलेलं हसू पाहिलं, आणि मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि पाटापाशी येऊन माझ्याशेजारी बसल्या.

"बघत काय बसलीस? आधी दार लाव."